बुधवारचा उपास

गेर्लिंगेन,
शनिवार, २८ मे २०१६

प्रिय शुभदा,

प्रवासाचा शीण उतरला असेल आणि केतनचा खोकलाही थांबला असेल, असे धरून चालते. आमच्याकडे सर्व ठीक. दोन रस्ते पलीकडे राहणारी मैत्रीण पत्र का लिहिते, असे तुला वाटेल. फोनवर तू रडू लागशील आणि मी थांबेन, म्हणून.

आधी किरकोळ तक्रारी. आयर्लंडचे ते कॉटेज जाहिरातीबरहुकूम नव्हते. समुद्र दिसायचा तो न्हाणीघरातल्या स्टुलावर चढल्यावर. सुऱ्या बोथट होत्या. तवा मी इथून नेला म्हणून पोळ्या तरी झाल्या. मालकीणबाईंना मी हे सविस्तर कळवले. त्यांनी त्याच दिवशी क्षमा मागितली.

स्वयंपाक आपला आपण करायचा होता, म्हणून वेळापत्रक मी आखले: सोमवार-बुधवार मी, मंगळवार-गुरुवार-शुक्रवार तू. सोमवारी तुझ्या सासूबाई दोन केळी खाऊन उठल्या. 'अगं, आईंचा सोमवार असतो,' तू म्हणालीस. मी विश्वास ठेवला. बुधवारी मी कणीक भिजवत होते आणि तुम्ही दोघी दारात बूट काढत होतात.

'आज स्वयंपाकाला कोण?'

'यामिनी, आई.'

'बरं. मग माझा आज उपास धर.'

आणि तू तो धरलास. बाहेर जाऊन केळी घेऊन आलीस.

साठ वर्षांपूर्वी माझ्या आजीने नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातले पंचांग चुलीत घातले. त्या घरातल्या मला, तुमच्यामुळे, फोनवर पंचांग उघडावे लागले. एकादशी मंगळवारी होती. त्या दिवशी त्यांनी तुझा मसालेभात दोनदा वाढून घेतला होता. खोटे बोलायचेच, तर ते निदान तिथी पाहून बोलावे.

भांडी विसळताना मी तुला विचारले, तर तू म्हणालीस, 'त्यांचं वय झालंय गं. तू एवढी शिकलेली, तू तरी समजून घे.' शुभदा, मी डॉक्टरेट धातुशास्त्रात केली आहे. समजून घेण्याचे काम दर वेळी ज्याचा अपमान होतो त्याच्याच वाट्याला का येते, हे मला कुठल्याही विद्यापीठाने शिकवले नाही.

शुक्रवारचे लिहायचे टाळत होते. तू मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलीस, परतायला उशीर झाला, सासूबाई वर झोपल्या होत्या. आमटी मी केली. जेवताना त्या म्हणाल्या, 'शुभदा, आज आमटी काय जमलीय गं! अगदी आपल्या घरची चव.' तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालीस, 'हो ना, आई.'

मी काय केले? मी त्यांना आणखी एक वाटी वाढली. आणि, हे लिहिताना माझीच मला शिसारी येते, क्षणभर मला बरे वाटले. त्या कौतुकाने मी सुखावले. तुझ्यावरच्या रागाला मी सीमा घालू शकते. त्या क्षणावरच्या रागाला नाही.

परतताना एस-बान लोकलमध्ये हर्षाने जर्मनमध्ये विचारले, तू स्वयंपाक केलास की केतनची आजी जेवत नव्हती, मग शुक्रवारी तुझीच आमटी कशी खाल्ली? मी म्हटले, आधी तिचे पोट बिघडले होते. तुझ्या सासूबाईंसाठी मी माझ्या मुलीशी खोटे बोलले. म्हणजे शेवटी तो उपास मीही धरला.

आज सकाळी मी तिला खरे सांगितले, तिच्या पणजीपासून सगळे, मराठीत. तिने एकच विचारले, 'केतनला माहीत आहे?' मी म्हटले, 'त्यालाच विचार.'

सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडते. ती दोघे एकाच बाकावर बसतात. तिला अडवायचा माझा विचार नाही. पोस्टाला उशीर होईल, म्हणून हे पत्र मी स्वतः तुमच्या पेटीत टाकते आहे. केतनला काय सांगायचे ते ठरवायला तुझ्याकडे उद्याचा रविवार आहे.

'तुझी' लिहावे की नाही, हे तू काय सांगतेस त्यावर ठरेल. तूर्त नुसतीच,

यामिनी