स्टुलावरच्या पाऊण तासाबद्दल

मी, अनुसूया शांतवन खंदारे, वय सत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी हे लिहू नये म्हणून विनवले. पूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी घर चर्चला दिले होते, रद्द करते.

१. घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. मागे दोन खोल्या, पुढे एक मोठी. या पुढच्या खोलीत मी छत्तीस वर्षे संडे स्कूल चालवले. हे घर चर्चच्या पंचांना मिळणार नाही. पंचांचे सचिव प्रमोद भिवाजी साळवे यांनी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच कोरून आणली आहे, 'भिवाजी साळवे बालभवन'. मला दाखवायला घेऊन आले होते. "बाई, अक्षर बघा कसं आलंय." अक्षर चांगले आहे. पाटी कपडे धुवायला वापरावी.

२. घर मिना जळबा कांबळे हिला देते. ती माझ्या नात्यातली नाही. माझ्या वर्गात शिकली, पुढे माझ्याबरोबर शिकवू लागली. गेल्या वर्षी पंचांनी तिचे शिकवणे बंद केले, कारण तिच्या वर्गातली लेकरे प्रश्न विचारतात. नोहाच्या तारवात विंचू होते का, असे एका पोरीने विचारले. मिना म्हणाली, "मला माहीत न्हाई गं. आपण दोघी मिळून शोधू." मी छत्तीस वर्षांत एकदाही 'मला माहीत नाही' म्हटले नव्हते.

अटी अशा. दर रविवारी सकाळी पुढची खोली लेकरांसाठी उघडी राहील. आईबापांनी लेकरू दारात सोडून बाजार गाठू नये. सतरंजीवर त्याच्याशेजारी बसावे. घरी स्वतः हात न जोडणाऱ्या बापाने लेकराचे पाठांतर तपासू नये. बायबलमधले वचन पाठ आले नाही म्हणून कोणालाही उभे करू नये. आले म्हणूनही करू नये.

३. बँकेतली ठेव मिनाने त्या खोलीचे पत्रे बदलायला वापरावी. हार्मोनियम चर्चच्या पाळकांना द्यावे. त्याचे दोन सूर लागत नाहीत. पाळकांना ते कळणार नाही.

४. लाकडी स्टूल. हे चर्चमध्ये राहिले तरी माझे आहे. माझ्या नवऱ्याने दाराच्या उरलेल्या सागातून केले. वर्षातून एकदा, मुलांच्या रविवारी, एकेक लेकरू त्यावर चढून मंडळीसमोर आपले वचन म्हणत असे. मागच्या बाकांना लहान लेकरे दिसावीत, एवढाच हेतू होता.

१९९५ साली माझी मुलगी ज्योती नऊ वर्षांची होती. तिला मी अकरा ओळींचे वचन पाठ करायला दिले होते. महिनाभर ती ते पाणी भरताना, वेणी घालून घेताना म्हणत होती. आदल्या दिवशी संध्याकाळी भिवाजी साळवे, जे तेव्हा संडे स्कूलचे प्रमुख होते, दारात आले. "बाई, ते मोठं वचन आमच्या प्रमोदला द्या. उद्या नांदेडचे पाहुणे येऊन राहिले." मी हो म्हणाले. शिक्षिकेने स्वतःच्या लेकराची बाजू घेऊ नये असे मला वाटे. याला मी सचोटी म्हणत असे.

ज्योती सकाळी स्टुलावर चढली आणि शास्त्रातले सर्वांत लहान वचन म्हणाली. दोन शब्दांचे, प्रभूच्या रडण्याचे. ज्यांचे पाठांतर झालेले नसते त्या सगळ्या पोरांना ते माहीत असते. मंडळी हसली. भिवाजी हसले नाहीत.

"शिक्षिकेची पोरगी अन् एवढंच? सांग मग, प्रभू काहून रडला?"

ज्योती म्हणाली, "त्याचं बी वचन काढून घेतलं असंल."

भिवाजींनी तिला भक्ती सुटेपर्यंत तिथेच उभे राहायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "उभी राहा." पाऊण तास ती उभी होती. गीते झाली, अर्पण झाले, पाहुण्यांचा उपदेश झाला. उपदेश लहान मुलांवर होता. तिचा फ्रॉक ओला झाला. प्रमोद सहाव्या ओळीला अडकला होता. त्याला टाळ्या मिळाल्या. सगळे गेल्यावर फरशी मी पुसली.

स्टूल भिवाजी साळवे यांना देते. प्रमोदने ते रविवारी, भक्ती चालू असताना, मधल्या वाटेने नेऊन त्यांच्यासमोर ठेवावा. ते आता ब्याऐंशीचे आहेत, गुडघे दुखतात. बसायला उपयोगी पडेल. लाकडावर डाग आहे. पॉलिशने जात नाही. मी करून पाहिले आहे.

५. प्रत्येक मयतीला भिवाजी अर्धा तास बोलतात. माझ्या मयतीला त्यांनी बोलू नये. बोलायचेच असेल तर त्या स्टुलावर उभे राहून, कोणाचा हात न धरता बोलावे.

पाळक म्हणतात, "बाई, एवढी वर्षं झाली, माफ करून टाका." माफी ही ज्योतीची मालमत्ता आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था मला लावता येत नाही.

६. ज्योती नांदेडला असते. सतरा वर्षांची झाल्यापासून तिने चर्चची पायरी चढलेली नाही. तिचा मुलगा अपूर्व सात वर्षांचा आहे. जेवायला आला की मला विचारतो, "आजी, तू डोळे मिटून कोणाशी बोलून राहिलीस?" त्याची आई त्याचे ताट पुढे सरकवते. ज्या घरात मी दोन पिढ्यांना प्रार्थना शिकवली, तिथे माझ्या नातवाला उत्तर द्यायची मला परवानगी नाही. ती मी मागितलेलीही नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला म्हणाले, "घर तुझ्या नावावर करते."

"मला त्यातलं काही नको, आई. पुढच्या खोलीतलं तर न्हाईच न्हाई."

"मग काय देऊ?"

"तू म्हणलीस ते लिहून दे."

"काय म्हणले मी?"

"उभी राहा. तू म्हणलीस. तीस वर्षं भिवाजीकाकाचंच नाव घेऊन राहिलीस."

लिहून दिले आहे. कलम चार पाहावे. माझ्या मयतीच्या दिवशी माझ्या शिकवण्याबद्दल कोणी चांगले बोलू नये. त्याऐवजी ते कलम मिनाने सगळ्यांसमोर वाचावे, माझ्या वाक्यासकट.

वकिलांनी सांगितले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. म्हणून ज्योतीला मी काहीही देत नाही. चमचाही नाही. तिने दुसरी साक्षीदार व्हावे. निरोप पाठवला आहे. येईल की नाही, मला माहीत नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. कोणाबद्दल मवाळ झाले असल्यास तो हाताचा थकवा समजावा.

ठिकाण: कळमनुरी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

अनुसूया शांतवन खंदारे (सही)

साक्षीदार १: नेमसिंग राठोड, शेजारी, धंदा शिवणकाम. बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: ज्योती खंदारे, राहणार नांदेड. आईने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. कलम चारमध्ये एक दुरुस्ती: पाऊण तास नव्हे. दीड तास. (सही)

दुरुस्ती मान्य.
अ. शां. खंदारे