रत्नाचे सोमवार

विंझर, ३ जून २०२४

तीर्थरूप दादास, रत्नाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून लिवते. शनवारी पुण्याला रक्तपेढीत गेले, पर त्यांनी माजं रक्त घेतलंच न्हाई. बोटाला टोचून बघितलं, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ निघालं. साडेबारा लागतं. तिथली बाई म्हणाली, मावशी, तुमालाच कुणीतरी रक्त द्यायला पायजे. दादा, आपला तो बॉम्बे गट, त्याला दुसऱ्या कुठल्या गटाचं रक्त चालत न्हाई, आन् सगळ्या घरात तो तुजा आन् माजाच. तुज्या हाडांत रक्त बनत न्हाई. आपल्या गटाच्या सांगलीच्या आन् नाशिकच्या माणसानं नुकतंच दिलंय, ह्या बारीला माजा नंबर व्हता. आन् मीच रिकामी.

आता खरं सांगते. दोन वर्सांमागं तू म्हणाला व्हतास, रत्ने, माज्यासाठी मेंगाईचा उपास धर. तवापासनं सोमवार-शनवार नुसत्या पाण्यावर काढते, बाकीच्या दिवशी एक वेळ जेवते. तू बरा हुईस्तोवर सोडायचा न्हाई, असं देवीपुढं बोललेय. तूच सांग, मोडू का?

रागावलास तरी चालंल, माया कमी करू नगंस.

तुजी रत्ना

भोंगवली, ९ जून २०२४

चि. रत्नास, दादाचे पोटभर आशीर्वाद.

माजा हात थरथरतो, म्हणून आपली वैष्णवी लिवून देतीय. बापाच्या शिव्या गाळायच्या न्हाईत, असं पोरीला बजावलंय. अगं येडे, ती चेष्टा व्हती! तू ताटात तिसरी भाकरी घेतलीस, म्हणून चिडवलं. लहानपणापासनं तुला चेष्टा कळत न्हाई, आन् म्या बी कधी सुधारलो न्हाई.

आजच्या आज उपास मोड. दोन्ही वेळ जेव. नाचणीची भाकरी, पालेभाजी, अळीव, गूळ-शेंगदाणे खा. लोहाची गोळी लिंबूपाण्यासंगं घे, चहासंगं घेतली तर अंगी लागत न्हाई. डॉक्टर म्हणतो, तुजं भरून यायला तीन म्हयने तरी जातील. माज्याकडं तेवढे असतील असं वाटत न्हाई. नळापातूर गेलो तरी मधी बसावं लागतं.

आन् एक. उपास मोडल्यावर माजं काय बरंवाईट झालं, तर मोडला म्हणून झालं असं म्हणायचं न्हाई. ही चेष्टा न्हाई.

जेवलीस की माजी आठवण काढ, तेवढा लोभ पुरे.

तुजा अमृतदादा

विंझर, २२ जुलै २०२४

ती. दादास, रत्नाचा नमस्कार.

तुजं पत्र आलं त्याच दिवशी वेल्ह्याला जाऊन मेंगाईची माफी मागितली आन् देवळाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. रडत खाल्ली. चहा सोडलाय. आज पुण्याला जाऊन आले. अकरा पॉइंट चार. डॉक्टरांचे पाय धरले, म्हणलं अर्धीच पिशवी घ्या. ते म्हणाले, तसं करता येत न्हाई. दादा, एवढंसं कमी पडलं रं.

थोडं दिवस थांब. म्या कवा तुज्याकडं काय मागितलंय? एवढं दे.

तुजी रत्ना

विंझर, ७ ऑक्टोबर २०२४

चि. वैष्णवीस, आत्याचे आशीर्वाद.

दादाला जाऊन आज पन्नास दिवस झाले. तू फोनवर रडतेस, मला बोलता येत न्हाई, म्हणून त्याच्यासारखंच पत्र लिवते.

शुक्रवारी रक्तपेढीत गेले व्हते. बारा पॉइंट सात भरलं. तिथल्या पोरीनं विचारलं, कुठल्या पेशंटसाठी? सवयीनं म्या दादाचं नाव सांगितलं. तिनं कॉम्प्युटरमधी बघितलं आन् हळूच म्हणाली, मावशी, ह्या नावाची मागणी बंद झालीय. मग म्हणलं, ज्याला लागंल त्याला द्या. पिशवी भरली. दादाला हवी व्हती तेवढीच, काठोकाठ.

मोडला म्हणून झालं असं म्हणायचं न्हाई, हे तुज्याच अक्षरात लिवलंय. रोज वाचते. तरी मन म्हणतं, धरला म्हणून झालं. त्यावर त्यानं काय लिवलं न्हाई.

चार म्हयन्यांनी परत बोलावलंय. तवर लोह टिकवायला पायजे. आज सोमवार, त्यात नवरात्र. सगळ्या घराला उपास हाय. मी एकटीच ताट घेऊन बसलेय. घास खाली जात न्हाई, पोरी. तरी तिसरी भाकरी वाढून घेतलीय.

तू बी वेळेवर जेव. आत्याला तुज्याशिवाय आता पत्र लिवायला कुणी न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुजी रत्नाआत्या