मुक्काम वरीलप्रमाणे

४ फेब्रुवारी २००३
सकाळीच सगळ्यांची प्रकृती विचारून झाली. बायकोची, द्वारकेची, पाठ अजून धरलेली. सूनबाईंचा, भाग्यश्रीचा, खोकला उतरला. कॉम्प्युटर बरा — काल दोनदाच गोठला. शालनअक्काची विचारपूस नेहमीसारखी छताकडे बघून केली. डावं पाऊल ओढतेय. गुडघा बरा नाही तिचा!
सख्खी थोरली बहीण, डोक्यावरच्या मजल्यावर राहते, आणि सहा वर्षं बोलणं नाही. कारण — जिन्यातली लोणच्याची बरणी. माझा पाय लागून फुटली. ती म्हणते, मुद्दाम.

५ फेब्रुवारी
भाग्यश्री म्हणाली, "बाबा, कुलवृत्तांताची यादी एक्सेलमधून काढून रिलेशनल डेटाबेसमध्ये टाका." म्हणजे नातेवाइकांसाठी खास सोय केलीय की! द्वारका म्हणते, "बोलत नसलेल्या नातेवाइकांचं त्यात काय करतात, तेही विचारा."

८ फेब्रुवारी
डेटाबेस शिकवणारं पुस्तक समोर ठेवून, कुणाला न विचारता, ४१२ माणसं हलवली. वर अकारविल्हे लावली. थेंब सांडला नाही!

१० फेब्रुवारी
कुलसंमेलनाची निमंत्रणं छापून पोस्टात टाकली. अक्कालाही पोस्टानेच. जिना चढून द्यायला माझं काय अडलंय?
पण येईल ना? आमच्या शाखेत वडीलधारं तेवढंच उरलंय.

१५ फेब्रुवारी
पोस्टमन दत्तोबा गठ्ठा घेऊन दारात. "काका, हे वरीलप्रमाणे गाव कुठल्या तालुक्यात येतं?"
एका घरातल्या माणसांना एक्सेलमध्ये मी पहिल्याच्या पत्त्याखाली नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहीत आलो. आता त्रेसष्ट माणसं तिथेच राहायला गेली! पाठवणाऱ्याचा पत्ता होता म्हणून पाकिटं परत तरी आली.
भाग्यश्रीने कपाळाला हात लावला. "बाबा, डेटाबेसमधल्या ओळींना वर-खाली नसतं हो! प्रत्येकीने आपला पत्ता आपणच सांगायचा."
कसली ही नाती! वर कोणी नाही, खाली कोणी नाही!
मोजली — बासष्टच. अक्काचं नाही. दत्तोबाला गाठलं.
"त्या तुमच्या वरच राहतात ना? मग! पत्त्यावर लिहिल्याप्रमाणे दिलं."

१७ फेब्रुवारी
वर पावलं दारापर्यंत येतात, थांबतात, परत फिरतात. चार वेळा! मीही दोन पायऱ्या चढलो. उतरलो.

२० फेब्रुवारी
दत्तोबाने पोस्टकार्ड आणलं. शनिवार पेठ ते शनिवार पेठ — तीन दिवस!
माझं नाव. पत्ता — खालीलप्रमाणे.
"बरणी चुकून फुटली, हे मला आवाजावरून तेव्हाच कळलं होतं. गुडघ्यामुळे जिना उतरवत नाही. उत्तर लवकर दे. पोस्टाने नको."