तीसच्या खाली काही नको

१२ जून, दुपार
रोमन कायद्याची तोंडी परीक्षा झाली. काल्लिगारिस बाईंनी तीसपैकी सव्वीस देऊ केले. मी नाकारले. विद्यार्थ्याचा हक्कच आहे तो, पुढच्या वेळी पुन्हा बसायचं. सव्वीस हे कारकुनाचे गुण. मी भावी न्यायमूर्ती.
शेजारच्या खोलीतला नेव्हियो म्हणतो, गाढवा, घेऊन टाकायचे होतेस. कॉलेजात, म्हणजे या वसतिगृहात, राहायचं तर तीस सप्टेंबरपर्यंत सहाही पेपर हवेत आणि सरासरी सत्तावीस, नाहीतर खोली खाली करा. पाच पेपरांत माझी २७.४ आहे. असले नियम सामान्य मुलांसाठी असतात.

१३ जून
संकल्प : रोज सहा तास अभ्यास. उद्यापासून. आज अंगणात झाडाखाली आराखडा आखला. डोळा लागला.

२ जुलै
उकाडा. डास. मेसमधला रिसोत्तो भात म्हणजे चिखल. अभ्यास होणार कसा?

९ जुलै
पंचवीस. नाकारले. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, नक्की ना? म्हटलं, मला माझी किंमत माहीत आहे. मागची मुलं हसली. कौतुकानेच असावं.
जेवताना नेव्हियोने कागदी रुमालावर गणित मांडून दाखवलं. पंचवीस घेतले असते तरी सरासरी बरोब्बर सत्तावीस, खोली वाचली असती. मत्सर माणसाला गणित शिकवतो.

१५ ऑगस्ट
समुद्रावर. पुस्तक सोबत आहे. पुस्तकाला ऊन चांगलं लागलं.

३ सप्टेंबर
दारावरच्या योले मावशींनी विचारलं, राजा, नव्या वर्षाच्या यादीत तुझं नाव शाईने लिहू की पेन्सिलने? शाईने, म्हटलं. मावशींनी पेन्सिल घेतली. वय झालंय त्यांचं.

२४ सप्टेंबर, ११ वाजता
मला बघताच बाई म्हणाल्या, या, आज काय नाकारणार? वर्ग खो खो हसला. वीस मिनिटं नुसता घाम. चोवीस.
हळूच विचारलं, जुलैतले पंचवीस मिळतील का? म्हणाल्या, ते तुम्हाला कमी पडत होते ना? यानंतरची परीक्षा थेट जानेवारीत. चोवीस घेतले. सरासरी २६.८३.

२६ सप्टेंबर
रेक्टरसाहेबांकडे अर्ज. अवघे सतरा शतांश कमी, माणुसकी म्हणून सोडून द्या. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्हाला न्यायमूर्तीच व्हायचंय ना? हो म्हटलं. मग नियम कळला असेलच, म्हणाले.

१ ऑक्टोबर, वोगेरा
घरी आलो. खरं तर उत्तमच झालं. कॉलेजात माणूस आळशी होतो. इथून विद्यापीठाचं गाव पाविया गाडीने अर्धा तास, डब्यात अभ्यास होईल. या वर्षी प्रत्येक पेपरात तीस.
माझ्या खोलीत आईचं शिवणयंत्र, कपड्यांचे ढीग, माणसाएवढा आरसा. विचारलं, हे हलवायचं कधी? आई म्हणाली, अरे, तूच जूनमध्ये फोनवर सांगितलंस की आता पाच वर्षं खोली लागणार नाही. मी गिऱ्हाइकं धरलीत. सोफा आहे की.
सोफ्यावर पाय मावत नाहीत. रडू फुटलं. आई म्हणाली, हळू रड रे, आत बाई माप देतायत.