आत्यानं नेलेला कोट

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो. माझा उजवा गुडघा सध्या वाकतो, पण वाकला की परत सरळ व्हायला तयार नसतो. कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की डॉक्टरांशी भांडून झाल्यावर? शेजारच्यांचं मांजर अजून तुझ्याच पायपुसण्यावर झोपतं का? इकडे सगळं ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि ही हकिगत तू शेवटपर्यंत ऐकायला हवी.

गेल्या आठवड्यात तू आमच्या बेघर निवाऱ्यात मदतीला आलीस आणि एका दिवसात जागेचा कायापालट करून गेलीस. खिडक्यांतून बाहेरचं दिसतं हे आम्हाला प्रथमच कळलं. सगळ्यांच्या चपला तू मापाप्रमाणे ओळीत लावल्यास. ज्याच्या त्याला त्या मिळेपर्यंत दुपार झाली, पण ओळ सुरेख होती. जाता जाता खुंटीवरचा राखाडी कोट पिशवीत कोंबत तू म्हणालीस की याच्या पार चिंध्या झाल्यात, शिवून पाठवते. मी तेव्हा गाद्यांच्या दुकानदाराशी फोनवर हुज्जत घालत होतो, म्हणून नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

कोट सुपरवायझरचा. (हे टोपणनाव. आयुष्यभर त्यानं गवंड्यांच्या हाताखाली काम केलं, पण आमच्याकडे अंघोळीच्या रांगेवर देखरेख तो करतो. त्याला ती कोणी सांगितलेली नाही.) तो अंघोळ करून आला, खुंटी रिकामी पाहिली आणि त्यानं निवारा डोक्यावर घेतला.

आता अशा प्रसंगांचं आम्हाला रीतसर प्रशिक्षण मिळालंय. एक बाई येऊन शिकवून गेल्या की दार अडवून उभं राहू नये, छाती काढून समोर न जाता जरा कडेला थांबावं, हात उघडे दिसू द्यावेत, आवाज मऊ ठेवावा, आणि काही झालं तरी ‘शांत व्हा’ म्हणू नये, कारण ते ऐकून आजवर कोणी शांत झालेलं नाही. (आई बाबांना जन्मभर तेच सांगत आली. भाऊ तुझाच आहे, तुला माहीत आहे.) मी तोंड उघडलं आणि पहिले शब्द निघाले ते, आधी शांत व्हा. मग चूक सावरायला मऊ आवाज काढला. पण सुपरवायझरला कमी ऐकू येतं. तुमचा राग मला समजतो असं मी हळुवारपणे म्हणालो, तर तो म्हणाला, काय? असं दोन-तीनदा झाल्यावर मी माझी सहानुभूती इतक्या जोरात व्यक्त केली की समोरचा शिंपी हातात कात्री घेऊन दारात आला.

त्यानंतर मी खरा घोळ घातला. तुझं नाव मध्ये यायला नको म्हणून कोट लाँड्रीत दिलाय अशी थाप मारली. नेमका तेव्हाच लाँड्रीवाला धुतलेल्या चादरी घेऊन आत आला, आणि सरळ माणूस असल्यामुळे असा कोट आपल्याकडे आलाच नाही असं शपथेवर सांगून मोकळा झाला. सुपरवायझरनं लोखंडी बादली उचलली.

स्वयंपाकीणबाई पोलिसांना फोन लावायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं, बाकीच्यांना चहा घेऊन अंगणात पाठवलं, दार मोकळं ठेवलं आणि खाली जमिनीवर बसलो. हे प्रशिक्षणात नव्हतं. पण खाली बसल्यावर दुसरी थाप सुचेना, तेव्हा खरं ते सांगितलं. कोट माझ्या आत्यानं शिवायला नेलाय, मी तिला हो म्हटलं, तुम्हाला विचारलं नाही, माझं चुकलं.

बादली हातात तशीच धरून तो म्हणाला, “फाटका होता, पण माझा होता. मला विचारायचं ना.”

विचारायलाच हवं होतं, असं मी म्हणालो. त्यानं बादली खाली ठेवली. बसलेला मी काही उठेना हे पाहून त्यानंच मला हाताला धरून उभं केलं. (आधी डावा पाय, मग कंबर, अशी देखरेख चालूच होती.) गुडघा तेव्हापासूनचा.

प्रसंग मिटला असं मी त्या प्रशिक्षणवाल्या बाईंना मोठ्या अभिमानानं कळवून टाकलं, आणि तिथेच फसलो. कारण त्या दिवसापासून सुपरवायझर आत झोपत नाही. अंघोळीला येतो, रांग लावतो आणि अंधार पडला की बाहेर पायरीवर जाऊन बसतो. जिथून आपली वस्तू नाहीशी होते तिथं डोळा लागत नाही म्हणतो. थंडी वाढलीय आणि त्याला खोकला झालाय. मी आणून दिलेला नवा जाड कोट त्यानं नीट घडी घालून परत केला. रात्री माझं अंथरूण मला टोचतं, आत्या.

तू म्हणशील, एका चिंधीसाठी केवढं हे. आतोबा गेल्यावर बाबांनी मदत म्हणून तुझं घर आवरलं आणि आतोबांच्या झिजलेल्या चपला टाकून दिल्या, तेव्हा तू वर्षभर बाबांशी बोलली नव्हतीस. बाबांना अजूनही वाटतं की नव्या चपला आणून दिल्या असत्या तर मिटलं असतं.

बाकी विशेष काही नाही. मांजराला जास्त लाडावू नकोस.

तुझा भाचा

ता. क. हे पत्र घेऊन आमच्या स्वयंपाकीणबाई येताहेत. त्यांची बहीण तुझ्याच गल्लीत राहते. उद्या त्या परत निघतील तेव्हा कोट त्यांच्या हाती दे. धुऊ नकोस. इस्त्री तर मुळीच नको.

आणखी ता. क. डाव्या खिशाला आतून भोक आहे. ते पडलेलं नाही, त्यानं मुद्दाम पाडलंय. चष्मा आणि मुलीचा फोटो तो त्यातून अस्तरात सोडतो, म्हणजे झोपेत कोणी खिसा चाचपला तरी काही सापडत नाही. दोन्ही अजून तिथेच असतील. हे त्यानं आज सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. भोक तू शिवलं असशीलच, मी तुला ओळखतो. तेवढं उसव.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सुपरवायझर दारातून डोकावला आणि कोणाला लिहितोस म्हणून विचारू लागला. सांगितलं. जरा विचार करून त्यानं निरोप दिला, “आत्याबाईंना म्हणावं, वरचं बटण गेलंय. तेवढं लावलं तर चालेल.”

तेवढंच, आत्या.