आत्याबाई तापल्या की उठत नाहीत

॥ श्री ॥

स्टुटगार्ट,
रविवार, ९ जुलै १९६१

तीर्थस्वरूप दिनकरराव भावोजींना, दत्तात्रयाचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. हे गाव असं डोंगरउतारावर वसलं आहे, की खरोखर साष्टांग घातला तर मी घरंगळत थेट रेल्वे स्टेशनात पोचेन.) इकडे मी खुशाल आहे. आपला गुडघा कसा आहे? नव्या तेलाने उतार पडल्याचं सुलेखाताईने लिहिलं होतं. वाचून बरं वाटलं. (सध्या उतार हा शब्द नुसता वाचला तरी मला बरं वाटतं. का, ते पुढे येईलच.) ताईने पाठवलेली भाजणी आणि दोन पंचे पोचले. भाजणी संपली. पंचे रोज वापरात आहेत, पण कशासाठी ते तिला सांगू नये.

आपण एस.टी.च्या वर्कशॉपात बारा वर्षं फोरमन होता. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून, जेवता जेवता, आपण तिचा बिघाड सांगत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. गेल्या ऑगस्टात मी इथल्या एका निवृत्त दंतवैद्याकडून एक जुनी गाडी घेतली. सन १९५१ची, सहा व्होल्टची बॅटरी, दरवाजे दोन, पैकी एक उघडतो. तिचं नाव आत्याबाई. (आपल्या कुसुम आत्याबाईंना हे कळवू नये. तसा काही संबंध नाही. थोडासा आहे.) सकाळी गार असताना बटण दाबावं, की आत्याबाई ताडकन उठतात. पण अर्धा तास चालून तापल्या, आणि पाच मिनिटं थांबल्या, की संपलं. बटण दाबलं की घु... र्र. मग बराच वेळ विचार. मग पुन्हा घु... र्र. इंजिनाचा एकेक फेरा आपल्यावर उपकार केल्यासारखा. अर्ध्या तासाने गार झाल्या, की काही झालंच नव्हतं अशा उठतात. नवल म्हणजे दसऱ्यापर्यंत ही तक्रार अजिबात नव्हती. कुणाची नजर लागली, कळत नाही.

दसऱ्याचं मात्र आपल्याला सांगितलंच पाहिजे, कारण असा दसरा जर्मनीत झाला नसेल. परमुलुखात आलो म्हणून वाहनाची पूजा चुकवायची नाही, असं मी ठरवलं होतं. आणि पूजा करायची तर वाहन स्वच्छ हवं. मी आणि वसुधा रिसबूड (ही इथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते, पुण्याचीच आहे, तिच्याविषयी सविस्तर पुढे) अशा दोघांनी आठवडाभर खपून आत्याबाईंना आतबाहेर हिरवा रंग दिला. इथले लोक वरवर रंगवतात. मी तसला माणूस नाही. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी ती तांब्याची विणलेली पट्टी असते ना, अर्थिंगची, ती सुद्धा सोडवली, तिच्याखालचं लोखंड घासून त्याला दोन हात रंग दिला, वाळू दिला आणि पट्टी वरून घट्ट आवळली. गंजायला म्हणून जागा ठेवली नाही. मग हळदकुंकू, झेंडूची फुलं (इथे ती कबरीवर वाहतात, त्यामुळे घरमालकीण फ्राऊ क्लेंक यांनी कोण गेलं म्हणून विचारलं) आणि नारळाऐवजी चाकापुढे एक कोबी फोडला. एवढं करूनही महिन्याभरात आत्याबाई रुसल्या.

निदानासाठी मी काय केलं नाही ते विचारा. आधी बॅटरी बदलली. फरक नाही. मग स्टार्टर काढून माझ्या संशोधन संस्थेत नेला आणि टेबलावर फिरवून पाहिला, तर तो असा फिरला की टेबलावरून खाली गेला. म्हणजे स्टार्टर निर्दोष. (टेबल नाही.) मग मला वाटलं, शेजारच्या गरम नळकांड्याची धग स्टार्टरला लागत असणार, म्हणून ताईचा पंचा ओला करून त्याच्यावर घालायला सुरुवात केली. एक अंगावर, एक वाळत. रविवारी कपडे बाहेर वाळत घालणं इथे जवळजवळ गुन्हाच, त्यामुळे फ्राऊ क्लेंक रागावल्या. पण हा गाडीच्या तापावरचा उपचार आहे, असं सांगितल्यावर त्या “आख सो” (म्हणजे “असं होय”) म्हणून आत गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

शेवटी मी उपाय सोडून सवय लावून घेतली. गाडी फक्त उतारावर उभी करायची. ब्रेक सोडला की घरंगळते, गिअर टाकला की चालू होते, स्टार्टरची गरजच नाही. भावोजी, माझं सगळं आयुष्य आता उतारावर आहे. पाव मी वरच्या आळीतल्या बेकरकडून आणतो, तो पाव दगडासारखा असला तरी. सपाटीवर राहणाऱ्या मित्रांशी संबंध राहिलेले नाहीत. आत्माराम जोगळेकर चांगला मनुष्य होता, पण नदीकाठी राहतो. कधी अगदीच सपाट जागी अडकलो, तर पंचा घालायचा आणि मी नि वसुधा अर्धा तास बसून राहतो.

आता मुख्य प्रसंग. वसुधेचे वडील भास्करराव रिसबूड (निवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, इलाख्यातले निम्मे पूल यांचे) हॅनोव्हरचं प्रदर्शन पाहायला आले आणि तिथून गेल्या रविवारी इथे उतरले. खरं प्रदर्शन मीच होतो, हे सर्वांना माहीत होतं. मी रात्रंदिवस नकाशा घेऊन, फक्त उतारच लागतील असा मार्ग आखला. सगळं सुरळीत चाललं होतं. पण राजवाड्यासमोरचं मैदान दिसताच ते म्हणाले, “जरा थांबवा, नीट बघू.” ते मैदान पोळपाटासारखं सपाट आहे. मी थांबलो, पण इंजिन चालू ठेवलं. त्यावर भास्कररावांनी “पेट्रोल कशाला जाळता?” असं म्हणत स्वतः हात लांब करून चावी फिरवली. मी बटण दाबलं. घु... र्र.

पंचा घरी राहिला होता. मग मी स्टिअरिंगवर आणि मागे वसुधा, दोन जर्मन गृहस्थ आणि काळा कोट, टोपी, छत्री अशा वेषात भास्करराव, अशी आत्याबाईंना ढकलत वरात निघाली. आत्याबाई उठल्या. वसुधेला सरावाने चालत्या गाडीत बसता येतं. भास्कररावांना सराव नाही. आणि मी थांबेन कसा? थांबलो आणि पुन्हा बंद पडली तर? म्हणून मी त्यांच्याभोवती फेऱ्या घालत राहिलो, आणि दर फेरीला वसुधा दार उघडून “बाबा, आता या” म्हणत राहिली. (इंजिन चालू ठेवून सावकाश थांबता आलं असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.) चार फेऱ्या त्यांनी पाहिल्या. पाचव्या फेरीला पाहिलं तर ते छत्री दाखवून ट्राममध्ये चढत होते.

ते आमच्याआधी घरी पोचले होते. मी चहा केला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, कप बशीत उपडा ठेवला आणि म्हणाले, “दत्तात्रय, या गाडीला काय झालंय ते शोधा. सापडलं की कळवा. मग पुढचं बोलू.” आणि दुसऱ्या दिवशी गेले. भावोजी, मी हसण्यावारी लिहितो आहे, पण आठ दिवस मला धड झोप नाही. मला वसुधेशीच लग्न करायचं आहे आणि ते एका स्टार्टरवर अडलं आहे. तरी वरचा सर्व इतिहास वाचून बिघाड काय असावा ते उलट टपाली कळवावं. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपावं.

आपला,
दत्तात्रय

ता. क. बिघाड मला न कळवता, भास्करराव वीस तारखेला पुण्याला पोचले की आपण थेट त्यांच्या घरी जाऊन त्यांनाच सांगितला, तर जास्त बरं. आणि सांगताना तो मी शोधला असं सांगावं. पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच आहे.

दुसरा ता. क. माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनी विचारलाच, तर सांगावं: दोन धातू एकमेकांना जोडले असता त्या सांध्यातून वीज किती सुखरूप जाते. चार वर्षं त्यावरच काम चालू आहे. सांध्यांकडे इतकं बारीक लक्ष देणारा विद्यार्थी पाहिला नाही, असं प्राध्यापक म्हणतात.

तिसरा ता. क. टपालपेटी सपाटीवर आहे, म्हणून हे पत्र वसुधेकडे टाकायला देत आहे. पाकीट चिकटवायला डिंक तिच्याकडे आहे.

श्री. दिनकररावांना वसुधा रिसबूडचा नमस्कार. डिंक लावायच्या आधी चार ओळी लिहिते आहे, क्षमा असावी. दुसरं पान वाचतानाच बिघाड आपल्या ध्यानात आला असणार. अर्थिंगच्या पट्टीखाली दोन हात हिरवा रंग आहे. वीज कशीबशी बोल्टच्या आट्यांतून जाते, ती गार असताना पुरते, तापल्यावर पुरत नाही. दुसरा हात मीच दिला होता, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सांगणारच होते. पण पहिल्यांदा सपाटीवर अडकलो, तेव्हा त्या अर्ध्या तासात हे प्रबंध सोडून दुसरं काहीतरी बोलले. लहानपणचं, आईंचं, तुम्ही यांना सायकल शिकवलीत त्याचं. एरवी बोलत नाहीत. लग्नाचंही असंच एकदा पंचा वाळेपर्यंत विचारलं. मग सांगवेना.

त्या दिवशी हे चहा करत होते, तेव्हा बाबांनी खाली जाऊन बॉनेट उघडलं, नखाने रंग खरवडून पाहिला आणि परत येऊन मला हळूच विचारलं, “तुला ठाऊक होतं?” मी हो म्हटलं. “कधीपासून?” दसऱ्यापासून, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे मला आता तारीखच काढायला हवी.” यांना ते जे बोलले, ते नुसतं फिरकी घ्यायला. वीस तारखेनंतर तेच तारीख ठरवायला तुमच्याकडे येतील. तेव्हा बिघाड काय तो तुम्ही जरूर कळवा, पण लग्नाची तारीख होऊन गेल्यावर. तोवर आत्याबाईंना तापू द्या, भावोजी.