दोन किलो बटाट्यांवर लागलेली गाडी

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (निम्मा नमस्कार आपोआपच घडतो आहे, कारण गेले पंधरा दिवस मी तुमच्या मोटरसायकलसमोर आडवाच असतो.) तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढू देतो का? आईंनाही नमस्कार. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तिसरीची, म्हणजे गाडीची, तब्येत जराशी... पण ते ओघाने येईलच. घाईघाईने सांगावं असं त्यात काही नाही.

ऑपरेशननंतर किक मारायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत, तेव्हा एवढंच म्हणाला होतात, ‘‘जावईबापू, चालवा खुशाल, पण उघडू नका.’’ यातला पहिला अर्धा भाग मी तंतोतंत पाळला. महिनाअखेरच्या रविवारी तुमच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींचा मेळावा आहे, त्याला आपण याच गाडीवरून जायचं, मी पुढे आणि तुम्ही मागे, हेही माझ्या पक्कं लक्षात आहे. सगळ्यांच्या गाड्या भंगारात गेल्या, तुमची तेवढी फाटकातून धडधडत आत शिरणार! तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, पण मला कळतं. म्हणून तर इतका जीव टांगणीला लागला.

झालं असं, की गाडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ती काळा धूर सोडायला लागली. थोडाथोडका नाही, समोरच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरी परत धुतल्या आणि आमच्याशी बोलणं सोडलं. पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. (त्याला सगळे ‘वैद्य’ म्हणतात, कारण तो हात लावायच्या आधी डोळे मिटून इंजिन ऐकतो. माझ्या मते थोडी झोपही काढतो.) त्याने प्लग काढला, तो काजळीने माखलेला. तो म्हणाला, कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतोय. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चालवून बघा, मग दुसरी. आता एवढ्या साध्या कामाला तीन खेपा कोण घालणार? रविवारी मी स्वतःच कार्बोरेटर उघडला. (हो. उघडला. लिहून टाकलं एकदाचं.) आतला जेट, म्हणजे पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो पितळी तुकडा, काढून दोन नंबर लहान बसवला, सुई एक खाच खाली उतरवली आणि हवेचा स्क्रू दीड फेरा सैल केला. एका दगडात तीन पक्षी.

चक्कर मारून बघतो तर धूर गायब, पण गाडी फटाफट आवाज करत आचके द्यायला लागली. प्लग काढला, तो राखेसारखा पांढराफटक. म्हणजे जी खा-खा करत होती तिला एका दुपारीत मी उपाशी मारली. तोंड पाडून घरी आलो. आणि सोमवारी? सोमवारी तीच गाडी ऑफिसला लोण्यातून सुरी जावी तशी गेली! मंगळवारी, बुधवारी, शनिवारपर्यंत तशीच. प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, अगदी हवा तसा. रविवारी पुन्हा आचके. मी निष्कर्ष काढला की तुमची गाडी इतकी वर्षं कारखान्याच्या पाळीवर जात असल्यामुळे रविवारची सुट्टी घेते. (हसू नका. मेळावा रविवारीच आहे.)

मी एक वही केली. रस्ता, ऊन, टायरमधली हवा, सगळं टिपलं. पुढच्या रविवारी दुपारी आचके देत बाजारात गेलो आणि येताना गाडी एकदम गुणी. आता सापडलं! गाडीला सामान लागतं! मग मी शास्त्रशुद्ध प्रयोग केले. हॅंडलखालच्या हुकाला पालेभाजीची पिशवी अडकवली, तर फटाफट. एक किलो बटाटे लावले, तर बरी. दोन किलोंवर तर काय विचारता! वहीत मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बटाटे, किलो दोन, मेळाव्याला सोबत घेणे.’

तेवढ्यात तुमची मुलगी खाली आली. दोन मिनिटं उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, तो चोक आहे. पिशवीचा हूक नाही.’’

बाबा, हॅंडलखालच्या त्या दांडीला मी पहिल्या दिवसापासून डब्याची पिशवी अडकवत होतो. पिशवीच्या वजनाने चोक ओढला जायचा, चोकमुळे पेट्रोल जास्त यायचं, आणि मी सगळी गाडी त्या डब्याच्या वजनावर लावून ठेवली होती. रविवारी डबा नसतो. तुमचा कार्बोरेटर ठणठणीत होता. रोग माझा होता. फार वाईट वाटतं आहे, खरंच. तुम्ही एवढ्या विश्वासाने दिलीत आणि मी आठवड्याभरात तिची ही दशा केली. रागवा, पण मेळाव्याचा बेत मोडू नका.

आपला आज्ञाधारक (यापुढे)
जावई

ता. क. : सुई आणि स्क्रू मी जागेवर आणले आहेत. पण जुना जेट सापडत नाही. घर पालथं घातलं, कपाटाखाली झोपून पाहिलं. हिला सांगितलेलं नाही. त्याचा नंबर काय होता तेवढा परतीच्या टपालाने कळवा, पाकिटावर माझंच नाव घाला, आणि आत दुसरं काही लिहू नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आधी हिने पत्र वाचलं. जेट मी काढला त्याच दिवशी तिने उचलून ठेवला होता, ‘लागेलच’ म्हणून. लहानपणी तुमच्याशेजारी बसून पाने-पक्कड धरायची, त्यामुळे नंबर तिला पाठ आहे म्हणे. हे तुम्हीही मला कधी सांगितलं नाहीत. मी हा ता. क. लिहीत होतो तेवढ्या वेळात तिने खाली जाऊन जेट बसवला. आत्ता गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो आहे. एका किकमध्ये.

ता. क. ३ : फेरी मारून आली. तुम्हाला निरोप आहे, रविवारी सकाळी सातला तयार राहा. गाडी ती चालवणार आहे, तुम्ही मागे नीट धरून बसायचं. मी बसने येतो.